दोन रात्री, चार माणसं, एक हॅचबॅक: वावरातल्या मुक्कामासाठी गाडी भरायची कशी

सामान कमी पडलं म्हणून मुक्काम फसला, असं मी फारसं पाहिलेलं नाही. सामान असतंच, लागतं तेव्हा हाती येत नाही एवढंच. टॉर्च सतरंजीच्या घडीत, माचिस कणकेच्या डब्याखाली, गॅसचं रेग्युलेटर कोणाच्या तरी बॅगेच्या तळाशी. मग अंधारात अख्खी डिकी दवावर ओतायची, अंथरुणं ओली करायची आणि रात्री दहाला कच्ची खिचडी खायची. माझा पहिला मुक्काम असाच झाला. त्या रात्री टेन्टच्या खुंट्या सापडल्याच नाहीत. त्या घरी पलंगाखाली होत्या.

तेव्हापासून एकच नियम पाळतो: गाडी उतरवण्याच्या उलट्या क्रमाने भरायची. पोहोचल्यावर सगळ्यात आधी जे लागणार, ते शेवटी आत जाणार.

इथला हिशेब विदर्भातला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार माणसं आणि दोन रात्रींचा आहे. जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचं वावर (शेत), धरणाकाठची परवानगीची जागा किंवा चिखलदऱ्याकडे टेन्ट लावू देणारा एखादा मुक्काम. उन्हाळ्याचं यात काही नाही. पंचेचाळीस अंशांत टेन्टमध्ये कोणी झोपू नये, एवढंच त्याबद्दल सांगतो.

१. आठ दिवस आधी: आधी जागा, मग यादी

बहुतेक जण यादीपासून सुरुवात करतात. पण पाणी किती न्यायचं, खुंट्या कोणत्या, सरपण सोबत घ्यायचं की तिथं मिळेल, हे जागा ठरल्याशिवाय कळत नाही.

मेळघाट, ताडोबा, टिपेश्वर, नागझिरा अशा संरक्षित जंगलात रस्त्याकडेला टेन्ट ठोकता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय आत जाणं हाच गुन्हा आहे. मुक्काम करायचा तर वनखात्याने परवानगी दिलेल्या ठिकाणीच. राखीव जंगलात विस्तव पेटवणंही गुन्हाच.

वावर ठरलं असेल तर मालकाला फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या.

पाणी गोड आहे का? अकोला, बुलडाणा आणि अमरावती जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाण पट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. अशा ठिकाणी सगळं पाणी घरून न्यावं लागतं.

पांदण रस्ता (वावराकडे जाणारी कच्ची वाट) कसा आहे? ट्रॅक्टर जातो म्हणजे तुमची गाडी जाईल असं नाही. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला हॅचबॅकचं पोट घासतं.

कॅनॉलला पाणी कधी सुटणार आहे? रब्बीच्या पाळीत कोरडी पाटचारी एका रात्रीत भरते. नदीच्या पात्रात, धरणाच्या खालच्या अंगाला किंवा पाटचारीत टेन्ट लावायचा नाही, मग जागा कितीही सपाट दिसो.

आणि आजूबाजूला तार कुठं आहे?

> सावधान: रानडुक्कर आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक वाचवायला धुऱ्यावर (बांधावर) तारा ओढलेल्या असतात. झटका मशीनची तार जोरदार हादरा देते. काही जण मात्र चोरून थेट लाइनचा करंट सोडतात, आणि त्यात माणसं मेलेली आहेत. रात्री शेजारच्या वावरात पाय ठेवायचा नाही, लघवीलासुद्धा नाही. मुलांना तार कुठं आहे ते उजेड असतानाच दाखवा.

२. तीन दिवस आधी: गाडी

यात वेळ कमी लागतो, पण टाळाटाळ होते. चारही चाकांची हवा गाडी थंड असताना तपासा. भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टेपनीची हवाही तपासा. बहुतेकांची स्टेपनी वर्षानुवर्षं हवेविना पडून असते. पांदणीत बाभळीचा काटा आरपार जातो, त्यामुळे स्टेपनी लागण्याची शक्यता शहरापेक्षा इथं कितीतरी जास्त.

हॅचबॅकमध्ये स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीच्या तळाशी असतात, म्हणजे तुमच्या सगळ्या सामानाखाली. मोर्शीच्या अलीकडे रात्री आठला मी रस्त्यावर दोन पोती, गादी आणि वांग्यांची पिशवी मांडून बसलो होतो. चाक दहा मिनिटांत बदललं, सामान परत भरायला पाऊण तास गेला. आता जॅक आणि पाना डिकीतून काढून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवतो. चाक काढायला डिकी उपसावी लागतेच, पण निदान नट ढिले करण्याचं काम लगेच सुरू होतं.

सोबत जम्प केबल, हवा भरायचा छोटा पंप, दहा मीटर जाड दोर आणि एक फावडं. मेळघाटाकडे जात असाल तर परतवाड्यातच टाकी भरा, रोख पैसे ठेवा आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. वर गेल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही.

३. दोन दिवस आधी: घरी एकदा सगळं उघडा

टेन्ट गच्चीवर उभा करा. खुंट्या ठोकता येणार नाहीत, पण काड्या पूर्ण आहेत का, चेन लागते का, कुठं फाटलाय का, हे कळतं. किती मिनिटं लागली ते बघा. घरी वीस लागली तर तिथं वाऱ्यात चाळीस धरा.

टेन्टसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या मुरमाड जमिनीत वाकतात. लोहाराकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून वीतभर लांबीच्या लोखंडी खुंट्या घ्या, दहा-बारा पुरतात. एक हातोडी हवीच. दगडाने ठोकू म्हणणारा माणूस काळ्या मातीच्या वावरात दगड शोधत फिरतो.

शेगडी पेटवून बघा. पाच किलोचं छोटं सिलेंडर असेल तर नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर नळी बदला. आणि सिलेंडर, रेग्युलेटर, नळी, लायटर एकाच जागी ठेवायची सवय आत्ताच लावा.

> तपासा: टेन्टच्या काड्या, खुंट्या आणि दोऱ्या मोजून आकडा टेन्टच्या पिशवीवर मार्करने लिहिला का? परत निघताना तोच आकडा जुळवायचा आहे.

४. सामानाची वाटणी: तीन कॅरेट आणि एक पिशवी

संत्र्याचं प्लॅस्टिकचं कॅरेट यासाठी फार सोयीचं. बाजारातून जुनं घेऊन धुऊन घ्या. एकावर एक बसतं, आतलं दिसतं, ओलं झालं तर निथळतं आणि तिथं उलटं करून त्यावर बसताही येतं. आधी टेपने डिकी मोजा. दोन कॅरेट शेजारी-शेजारी बसवून बाजूला पाण्याची कॅन मावली तर उत्तम.

*पहिलं कॅरेट: चूल-चौकी.* एक गंज (पातेलं), एक कढई, तवा, पळी, झारा, सुरी, चार ताटल्या, चार ग्लास. एक गंज पुरतो, कारण एका वेळी एकच पदार्थ शिजणार आहे. सगळ्यात जास्त विसरल्या जाणाऱ्या चार वस्तू सांगतो: सांडशी, मीठ, चहागाळणी आणि भांडी घासायचा काथ्या. शेगडी आणि तिची सोबत याच कॅरेटमध्ये. माचिस झाकणाच्या डबीत. तेलाची बाटली स्टीलच्या डब्यात उभी. तेल सांडलं की त्याचा वास पुढची चार वर्षं डिकीतून जात नाही, हे अनुभवाचे बोल.

*दुसरं कॅरेट: शिधा.* इथं बहुतेकांचा हात सैल सुटतो. चार माणसांच्या दोन रात्रींना चाळीस अंडी नेणारे मी पाहिलेत. जेवणं मोजा: पहिल्या रात्रीचं, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता आणि दोन जेवणं, तिसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता.

पहिल्या रात्री काही शिजवायचंच नाही. घरून पोळ्या, सुकी भाजी आणि मिरचीचा ठेचा न्यायचा. पोहोचल्याच्या संध्याकाळी टेन्ट, अंथरूण आणि उजेड यातच जीव जातो, त्यात चूल नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे. दुपारी वेळ असतो तेव्हा रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी आणि वरण. गोवऱ्या गावातूनच घ्या, गाडीत भरू नका. गोवऱ्यांचा निखारा तयार होऊन रोडगे आतपर्यंत शिजायला तासाच्या वर लागतो, म्हणून भुकेच्या आधीच पेटवा. रात्री खिचडी. तीन वाट्या तांदूळ, दीड वाटी मूगडाळ, हळद-तिखट-मीठ घरीच एका पिशवीत एकत्र करून न्या. तिथं फक्त कांदा चिरायचा. सांबार (कोथिंबीर) न्यायचा तर निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून.

*तिसरं कॅरेट: हत्यारं आणि औषधं.* हातोडी, सुतळी, जास्तीचा दोर, कोयता, चिकटपट्टी, जाड काळ्या कचरापिशव्या, जुन्या कापडाचे दोन तुकडे. औषधांच्या डब्यात ओआरएस, जखमेवरचं आयोडीन, पट्टी, तापाची गोळी, घरात कोणाला नेहमीचं औषध असेल ते आणि डासांचं मलम. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं घालायचं असतं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर उलट त्रास होतो.

*आणि एक हातपिशवी.* हिचं नाव आम्ही 'अंधारपिशवी' ठेवलंय. चार टॉर्च (माणशी एक), माचिसची दुसरी डबी, पाण्याची एक बाटली, टॉयलेट पेपर, पॉवरबँक आणि गाडीची दुसरी किल्ली. दुसरी किल्ली गाडी चालवणाऱ्याकडे नको, दुसऱ्याकडेच हवी. ही पिशवी डिकीत जात नाही, पुढच्या माणसाच्या पायाशी राहते.

कपडे सॉफ्ट बॅगेत, माणशी एक. चाकाची ट्रॉली बॅग आणणाऱ्याला घरीच परत पाठवा. तिच्या कडक कोपऱ्यांमध्ये वाया जाणाऱ्या जागेत एक गोधडी मावते.

५. अंथरूण: खालचं आधी

दोन ब्लँकेट पांघरून कुडकुडत रात्र काढलेल्यांना विचारा, खाली काय होतं? एक सतरंजी, असंच उत्तर येईल. थंडी जमिनीतून येते. २०१८च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. उघड्या वावरात, ओलिताच्या गव्हाशेजारी तर गारवा आणखी बोचतो.

माणशी खाली एक फोमची चटई किंवा जाड गोधडी आणि त्याखाली सतरंजी. वर एक ब्लँकेट किंवा दुलई आणि डोक्याला माकडटोपी. पायात कोरडे मोजे, जे दिवसभर घातलेले नाहीत असे.

हवेची गादी आणू नका. सराटे आणि बाभळीचे काटे तिला पहिल्याच रात्री संपवतात, आणि टिकली तरी आतली थंड हवा पाठ गार करते. ऑक्टोबर-डिसेंबरात कुसळी गवत वाळलेलं असतं. त्यात अंथरूण टेकलं की कुसळं घरी येऊनही निघत नाहीत, म्हणून अंथरुणाचं सगळं सामान एका मोठ्या पन्नीत (प्लॅस्टिकच्या पिशवीत) बांधा.

६. पाण्याचा हिशेब

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला पाच लिटर धरतो. चार माणसं, दोन दिवस: चाळीस लिटर, म्हणजे वीस लिटरच्या दोन कॅन. हे चाळीस किलो होतात. तिथं गोड पाणी असेल तर एकच कॅन न्या आणि रिकामी झाली की भरा. भांडी धुवायला तिथलंच पाणी.

७. निघायच्या सकाळी: भरायचा क्रम

आदल्या रात्री सगळं दाराशी एका ओळीत मांडा. डिकीत थेट भरत गेलात तर काय राहिलं ते कळत नाही.

१. सगळ्यात आधी पाण्याच्या कॅन, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, खाली. जड वस्तू खाली आणि पुढे.
२. शिध्याचं कॅरेट. पहिल्या रात्री ते उघडायचं नाही, म्हणून आत.
३. चूल-चौकीचं कॅरेट. सिलेंडर उभं, रेग्युलेटर काढलेलं, टोपी लावलेली, हलणार नाही असं बांधलेलं.
४. कपड्यांच्या बॅगा फटींमध्ये कोंबा. पहिल्या रात्रीच्या पोळ्यांचा डबा यांच्यावर.
५. अंथरुणाची पन्नी.
६. हत्यारांचं कॅरेट.
७. शेवटी, अगदी दाराशी: टेन्ट, ताडपत्री, फावडं.

सामान मागच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच जाऊ देऊ नका. अचानक ब्रेक मारला तर वरची वस्तू मागे बसलेल्यांच्या डोक्यात येते. टपावर न्यायचंच तर चटया आणि गोधड्यांसारखं हलकं सामान, ताडपत्रीत गुंडाळून. कॅन टपावर ठेवून चिखलदऱ्याचा घाट चढलात तर प्रत्येक वळणावर गाडी बाहेर झुकते.

> सावधान: सिलेंडर किंवा गॅसचा डबा उन्हात उभ्या बंद गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. गाडी सावलीत लावा आणि काचा थोड्या उघड्या ठेवा. सिलेंडर गाडीत असताना आत कोणी सिगारेट ओढणार नाही.

८. पोहोचल्यावर

डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला दिवस मावळतो. चारपर्यंत पोहोचायचं. उशीर झाला तर टेन्टचा नाद सोडा, मालकाच्या ओसरीत झोपा, सकाळी लावा.

आधी गाडीची जागा. काळ्या मातीत गाडी घालू नका, मुरमावर किंवा पक्क्या रस्त्याच्या कडेला लावा, तोंड बाहेरच्या दिशेला. एकदा आम्ही आभाळ निरभ्र बघून थेट वावरात गाडी घातली. जागलीला (रात्री पीक राखायला) निघालेला शेतकरी म्हणाला, "भाऊ, इथं काऊन लावली गाडी? अवकाळी आला तं निंगन नाही." पाऊस आलाच. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून काढली, आणि चाकांना लागलेली माती खरडायला त्याच्याकडूनच विळा मागावा लागला. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी आणि गारपीट इकडे नवी नाही.

मग टेन्टची जागा. वर बघा: वाळलेली फांदी नको, आणि आग्या मोहोळ तर अजिबात नको. मोहोळाखाली धूर केला तर पळायला जागा राहत नाही. खाली बघा: सराटे, मुंग्यांची वारूळं, उंदरांची बिळं. जिथं उंदीर तिथं साप.

ताडपत्री अंथरा आणि तिच्या कडा टेन्टच्या खाली दुमडा. बाहेर राहिलेल्या कडेवर दव किंवा पाऊस साचून टेन्टखाली जातो, ही फार सरसकट होणारी चूक आहे. खुंट्या टेन्टपासून बाहेर झुकलेल्या, तिरप्या ठोका. टेन्टची दोरी गाडीच्या चाकाला बांधू नका. सकाळी दूध आणायला कोणीतरी गाडी काढतोच.

टेन्ट, मग अंथरूण, मग उजेड, मग जेवण. हा क्रम मोडायचा नाही. अंथरूण संध्याकाळीच टेन्टमध्ये गेलं पाहिजे, कारण सात-आठनंतर उघड्यावरच्या कापडावर दव धरतं.

> तपासा, दिवस मावळायच्या आत: माणशी टॉर्च हातात आहे? डिकी बंद, आतला दिवा विझलेला? उघड्या डिकीच्या दिव्याने दोन रात्रींत गाडीची बॅटरी उतरते. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं, सगळ्यांना माहीत आहे?

९. विस्तव आणि रात्र

पऱ्हाटी आणि तुराट्या (कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं) भरभर पेटतात आणि ठिणग्या उडवतात. कुटार (भुसा), कडबा आणि वेचलेला कापूस यांच्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, खड्डा करूनच विस्तव. शेजारी पाण्याची बादली. झोपायच्या आधी पाणी ओतून, राख हाताने चाचपून बघा.

> सावधान: निखाऱ्याची शेगडी किंवा गॅस टेन्टमध्ये घ्यायचा नाही, चेन थोडी उघडी ठेवूनसुद्धा नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. गाडीत झोपणाऱ्याने इंजिन चालू ठेवून हीटर लावू नये, काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात.

उरलेलं अन्न टेन्टमध्ये नको, बंद डब्यात गाडीत. टेन्टची चेन रात्री पूर्ण लावा. मण्यार रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, बऱ्याचदा दुखतही नाही. सकाळी बूट झटकून घाला, विंचू बसलेला असू शकतो. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. माणसाला आडवा ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि १०८ला फोन करा. नेटवर्क नसेल तर वाट न बघता आपल्याच गाडीने निघा. म्हणूनच गाडीचं तोंड बाहेर.

१०. परत निघताना आणि घरी

सकाळी टेन्ट ओला असतो. ऊन लागेपर्यंत थांबा, दहाच्या आत घडी घालू नका. घाई असेल तर ओला टेन्ट वेगळ्या पिशवीत, अंथरुणाशी लागू न देता. खुंट्या मोजा, पिशवीवरच्या आकड्याशी जुळवा. वावरात राहिलेली लोखंडी खुंटी पुढच्या हंगामात मालकाच्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जाते, आणि मग पुढच्या वर्षी त्या वावरात तुम्हाला कोणी उतरू देत नाही. कचरा घरी, गावाच्या उकिरड्यावर नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी टेन्ट दोरीवर टाका. ओला टेन्ट बंद पिशवीत राहिला की आठवड्यात काळे डाग पडतात, ते निघत नाहीत.

मग एक कागद घ्या आणि दोन रकाने करा: न वापरता परत आलेलं, आणि तिथं मागून आणावं लागलेलं. आमच्या पहिल्या रकान्यात तीन वर्षं ओळीने कॅरम होता. कागद टेन्टच्या पिशवीतच ठेवा, टेबलाच्या खणात ठेवलेला पुढच्या नोव्हेंबरात सापडत नाही.